शिवणयंत्राचे तेलपाणी

जून महिना हा शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने खर्चाचा महिना होय. मृग नक्षत्र लागते, बी-बियाणे व खते यांची तजवीज करावयाची असते, आणि त्याच सुमारास शाळा उघडून मुलांच्या गणवेशाचा व वह्या-पुस्तकांचा खर्च उभा राहतो. ज्या घरात शिवणयंत्र आहे व ते चालविणारी जाणती स्त्री आहे, त्या घराला मात्र हाच महिना थोडीफार प्राप्तीही करून देतो. शेजारपाजारच्या मुलांचे गणवेश शिवून हाती आलेले पैसे अनेकदा बियाण्याच्या पिशवीला किंवा खताच्या गोणीला उपयोगी पडतात.

परंतु नेमक्या याच वेळी यंत्र अडून बसते, असा अनुभव कित्येक घरी येतो. लग्नसराईत ते दिवसरात्र चाललेले असते. वैशाखातल्या वावटळींनी आणि खळ्यावरच्या धुरळ्याने त्याच्या सांध्यांत माती शिरलेली असते. तेल घालण्यास कोणास सवड झालेली नसते. मग चाक जड फिरू लागते, टाके सुटतात, धागा तुटतो आणि शेवटी यंत्र जागच्या जागी रुतते. दुरुस्ती करणारा कारागीर तालुक्याच्या गावी, तोही हंगामात कामाने गांजलेला. यंत्र आठ दिवस तेथे पडले, तर शिवणाचे काम दुसऱ्या घरी जाते. यंत्रात मोठा बिघाड झालेला असतो असेही नाही. पुष्कळदा कारण एवढेच असते की, सुताच्या पुंजक्याने एक जागा अडविलेली असते, किंवा भलतेच तेल घातल्यामुळे सांधे चिकटलेले असतात. ही दोन्ही कारणे घरच्या घरी दूर करता येतात.

यंत्राची थोरवी

सुईचे नाक तिच्या टोकापाशी ठेवून दोन धाग्यांनी टाका घालण्याच्या यंत्राचे पेटंट एलियास हाउ याने १८४६ साली अमेरिकेत मिळविले. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि हे साधन हळूहळू जगभरच्या घरांत पोहोचले. मोठ्या यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता, कारण ते माणसाचे कष्ट वाचविते आणि त्याला कामावरून दूर करीत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत गावोगावच्या बचत गटांतील स्त्रियांनी घरच्या यंत्रांवर मुखपट्ट्या शिवल्या, ही आठवण तर अद्याप ताजी आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर शिंप्याच्या व्यवसायाचाही समावेश करण्यात आला.

असे हे साधन बैलजोडीइतके किमती नसले, तरी त्याला बैलजोडीप्रमाणेच निगा लागते. बैलाला वेळेवर वैरणपाणी देणारा शेतकरी यंत्राच्या तेलपाण्याविषयी मात्र उदासीन असतो.

टाका कसा पडतो

यंत्राची निगा राखण्यापूर्वी त्याचे काम समजून घेणे अगत्याचे आहे. वरचा धागा घेऊन सुई कापडातून खाली जाते. ती पुन्हा वर येऊ लागताच सुईच्या मागे धाग्याचा एक बारीक फास तयार होतो. त्याच क्षणी खालच्या शटलाचे अणकुचीदार टोक येऊन तो फास पकडते व बॉबिनभोवती फिरवून सोडते. नंतर वरची दांडी धागा ओढून घेते आणि दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या मध्यभागी बसते. सुई कापडाबाहेर असताना खालचे दाते वर येऊन कापड एक टाकाभर पुढे सरकवितात.

हे सर्व क्षणार्धात घडते. सुई किंचित वाकडी असेल, तर शटलाचे टोक फासापर्यंत पोहोचत नाही व टाका सुटतो. दात्यांखाली सुताचा थर बसला असेल, तर दाते पुरते वर येत नाहीत व कापड जागीच राहते. म्हणून बिघाड दिसताच स्क्रू पिळू लागण्याऐवजी प्रथम सुई पाहावी, मग सफाई करावी, नंतर धागा पुन्हा ओवावा आणि सर्वांत शेवटी ताणाच्या स्क्रूला हात लावावा. हा क्रम पाळल्यास पुष्कळसे दोष वाटेतच नाहीसे होतात.

सफाई

सफाईसाठी एक मऊ कुंचला, जुन्या धुतलेल्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा, लहान व मध्यम असे दोन पेचकस आणि एक बोथट काडी एवढे साहित्य पुरे होते. विजेची मोटर बसविलेली असल्यास प्रथम प्लग काढून ठेवावा. पायाचे यंत्र असल्यास पट्टा चाकावरून उतरवावा, म्हणजे नकळत पायटा दाबला जाऊन सुई बोटात शिरण्याचा धोका राहत नाही.

हातचाक फिरवून सुई सर्वांत वर आणावी व ती काढून घ्यावी. कापड दाबणारा पाय सोडवावा. मग सुईखालच्या पत्र्याचे स्क्रू काढून पत्रा उचलावा. दात्यांच्या फटींत सुताचा घट्ट थर बसलेला दिसेल. खादी, मांजरपाट व फ्लॅनेल अशा कापडांचे तंतू फार गळतात. नव्या कोऱ्या कापडाला लावलेली खळही तेथे साचते आणि तेलाशी मिसळून नमद्यासारखी घट्ट होते. हा थर काडीने मोकळा करून कुंचल्याने बाहेर काढावा. तोंडाने फुंकर घालू नये. फुंकरीने कचरा आणखी आत जातो आणि श्वासातील ओलावा लोखंडाला लागतो.

यानंतर बॉबिन केस बाहेर काढावी. घरगुती यंत्रांत बहुधा शटलाभोवती एक कडे असते व ते दोन खिट्ट्यांनी धरलेले असते. खिट्ट्या बाहेरच्या बाजूस वळविल्या की कडे निघते आणि चंद्रकोरीच्या आकाराचे शटल हाती येते. हे भाग काढताना ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडावेत, म्हणजे बसविताना उलट क्रमाने उचलता येतात. शटल ज्या खाचेत फिरते ती खाच फडक्याने पुसून काढावी. तेथे अडकलेला धाग्याचा एक इंचभर तुकडादेखील सगळे यंत्र जड करण्यास समर्थ असतो.

बॉबिन केसच्या बाजूला एक पातळ पोलादी पट्टी असते. तिच्याखालून धागा जातो. तिच्याखाली सूत साचले की धाग्याचा ताण बिघडतो. जाड कागदाची कड त्या फटीतून सरकविली की कचरा निघतो. वरच्या धाग्याच्या ताणाच्या चकत्याही अशाच साफ कराव्यात. मात्र त्या वेळी पाय वर उचललेला असावा, म्हणजे चकत्या सैल होतात.

यंत्राचे काळे अंग व त्यावरील सोनेरी नक्षी पुसण्यास कोरडे फडके व तेलाचा एखादा थेंब पुरेसा आहे. स्पिरिट किंवा थिनर लावल्यास वार्निश विरघळते व नक्षी जाते. गंजलेला भाग घासण्यासाठी जाड पॉलिश कागद वापरू नये. त्याची भुकटी सांध्यांत गेल्यास ती लोखंड झिजविते.

कोणते तेल घालावे

या बाबतीत घरोघरी सर्वांत मोठी चूक होते. हाताशी असेल ते तेल यंत्रात ओतले जाते. शेतकऱ्याला तेलबियांची ओळख असल्यामुळे ही गोष्ट त्याला चटकन पटेल.

जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते व घट्ट पापुद्र्यासारखे वाळते. याच गुणामुळे ते रंगात व वार्निशात वापरतात. करडईचे तेलही या वर्गातले आहे. शेंगदाण्याचे व तिळाचे तेल इतक्या लवकर वाळत नाही, पण काही आठवड्यांनी तेही चिकट होते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल पांढरे होऊन बसते, तसेच ते यंत्राच्या सांध्यांतही बसते. एरंडेल वाळत नाही, म्हणून बैलगाडीच्या आसाला त्याचे वंगण चालत असे. परंतु आस जाड व संथ फिरणारा, तर शिवणयंत्राचे सांधे बारीक व वेगाने हलणारे. त्यांत दाट एरंडेल नीट शिरत नाही आणि वर राहिलेले तेल धूळ धरून ठेवते. ट्रॅक्टरचे किंवा पंपाच्या इंजिनाचे तेलही असेच जाड असते. काढून टाकलेल्या जळक्या तेलात तर काजळी व लोखंडाचा कीस असतो, तेव्हा ते यंत्राजवळ आणूच नये.

शिवणयंत्रासाठी म्हणून विकले जाणारे पातळ, स्वच्छ खनिज तेलच वापरावे. ते वाळत नाही, चिकटत नाही आणि कापडावर पडले तरी धुऊन काढण्यास फारसे जड जात नाही. एक लहान कुपी घरगुती वापराला कित्येक महिने पुरते. पैशांची बचत करावयाची असेल तर ती तेलाच्या जातीत न करता थेंबांच्या संख्येत करावी.

तेल कोठे व किती घालावे

यंत्राच्या वरच्या बाजूस व पाठीमागे लहान भोके असतात. ती तेलासाठीच असतात. प्रत्येक भोकात एक थेंब घालावा. डाव्या तोंडावरील झाकण उघडून सुईचा दांडा, पायाचा दांडा व धागा वर ओढणाऱ्या दांडीचा सांधा यांस एकेक थेंब द्यावा. यंत्र मागे कलते करून खालच्या बाजूचे हलणारे सर्व सांधे पाहावेत. जेथे लोखंड लोखंडावर घासते, तेथे एक थेंब घालावा. शटलाच्या खाचेत अर्धा थेंबही पुरतो. पायट्याचे दोन्ही टोकांचे खिळे, मोठ्या चाकाचा आस व त्यांना जोडणारा दांडा यांना मात्र विसरता कामा नये. यंत्र जड चालते अशी तक्रार असते, आणि दोष वरच्या भागात नसून या खालच्या कोरड्या सांध्यांत असतो, असे पुष्कळदा आढळते.

ताणाच्या चकत्या, चामडी पट्टा, बॉबिन भरण्याच्या चाकाचे रबरी कडे आणि विजेची मोटर यांना घरी तेल लावू नये. पट्ट्याला तेल लागले तर तो चाकावर घसरतो. रबर तेलाने फुगून नासते.

तेल घातल्यावर धागा न ओवता, पाय वर उचलून, दोन-तीन मिनिटे यंत्र चालवावे. बाहेर आलेले तेल पुसावे. मग एका जुन्या फडक्यावर थोडे शिवून पाहावे आणि त्यावर तेलाचा डाग पडेनासा झाल्यावरच लोकांचे कापड यंत्राखाली घ्यावे. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला एक डाग महिन्याची मजुरी घालवितो.

जे यंत्र बरेच दिवस पडून पार रुतले आहे, त्याच्या प्रत्येक सांध्यात थोडे रॉकेल सोडावे व रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी हातचाक हळूहळू मागेपुढे फिरवून सांधे मोकळे करावेत. जोर लावून चाक फिरवू नये. बाहेर आलेला काळा मळ पुसून घ्यावा. रॉकेल हे वंगण नव्हे, ते केवळ जुने चिकट तेल सैल करते. यासाठी नंतर सर्व सांध्यांना यंत्राचे तेल देणे आवश्यक आहे. हे काम चूल, शेगडी व दिवा यांपासून दूर करावे.

सुई व धागा

सुई ही यंत्रातील सर्वांत स्वस्त वस्तू, आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. बोथट सुई कापडाचे धागे तोडते व टाके सोडते. सुई सपाट काचेवर ठेवून पाहिल्यास वाकडेपणा तत्काळ कळतो. सुमारे आठ तासांचे शिवण झाल्यावर सुई बदलणे हितावह असते.

मलमल व वॉयल यांना ११ क्रमांकाची, पॉपलीन व साध्या सुती कापडाला १४ क्रमांकाची, खादी व मांजरपाट यांना १६ क्रमांकाची आणि जाड जीनसारख्या कापडाला १८ क्रमांकाची सुई वापरावी. हेच क्रमांक काही पाकिटांवर अनुक्रमे ७५, ९०, १०० व ११० असे छापलेले असतात. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. सुई बसविताना तिची लांब खाच ज्या बाजूने धागा ओवला जातो त्या बाजूस असावी, सपाट बाजू तिच्या विरुद्ध यावी आणि सुई वरपर्यंत पुरती सरकवून मगच स्क्रू आवळावा.

तरटाची पोती, ताडपत्री किंवा बैलाची झूल घरगुती यंत्रावर शिवू नये. त्यासाठी दाभण व सुतळी हेच साधन योग्य आहे. पोत्याच्या दोन घड्यांनी सुई तर मोडतेच, पण शटलाच्या टोकालाही दुखापत होते, आणि ती घरी दुरुस्त होत नाही.

ताण पाहण्याची रीत

बॉबिन केसमधून धागा बाहेर घेऊन केस धाग्याला टांगती धरावी. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये. हाताला हलका हिसका दिल्यावर थोडी खाली यावी. तशी ती येत असेल, तर खालचा ताण बरोबर आहे असे समजावे व तो स्क्रू पुन्हा फिरवू नये. त्यानंतरची जुळणी वरच्या ताणाने करावी. कापडाच्या खालच्या बाजूस धाग्याची वेटोळी दिसली, तर वरचा ताण सैल आहे, किंवा धागा चकत्यांत नीट बसलेला नाही. खालचा धागा वर दिसू लागला, तर वरचा ताण अधिक झाला आहे. शिवण गोळा होऊन कापड चुरगळत असेल, तर दोन्ही ताण किंचित कमी करावेत.

पट्टा, मेज व ठेवण्याची जागा

चामडी पट्टा वापराने ताणला जातो. तो घसरू लागला की थोडा कापून तारेच्या कडीने पुन्हा जोडावा. फार घट्टही करू नये. त्याने आसावर भार पडून यंत्र जड चालते. काम नसताना पट्टा उतरवून ठेवल्यास लहान मुलांनी यंत्र फिरविण्याची भीतीही राहत नाही.

जे जवसाचे तेल यंत्राच्या पोटात घातक ठरते, तेच मेजाच्या लाकडी फळीला उत्तम असते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या दिवसांत, फळी पुसून तिला त्याचा पातळ हात द्यावा. मात्र तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्यावीत.

शेतकऱ्याच्या घरी यंत्र बहुधा धान्याच्या खोलीत किंवा माजघराच्या कोपऱ्यात असते, आणि त्याच जागी खतांच्या गोण्याही येऊन पडतात. रासायनिक खते हवेतील ओलावा ओढून घेतात, आणि त्यांची क्षारयुक्त भुकटी लोखंडाला झपाट्याने गंज आणते. गंधकाची भुकटीही लोखंडाला बाधक असते. तेव्हा खते व औषधे यांच्या खोलीत यंत्र कदापि ठेवू नये. धान्याला धुरी देण्याचा प्रसंग आल्यास, ते काम प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीकडूनच, राहत्या घराबाहेर करवून घ्यावे. त्या वायूने माणसाच्या जिवाला धोका असतो, शिवाय तो मोटरच्या तांब्याच्या तारांनाही खातो.

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळी हवेत उघडे लोखंड अल्पावधीत गंजते. तेथे सुईचा दांडा, पत्रा व शटल यांवर तेलाचा हात फिरवून यंत्र जाड सुती खोळीने झाकावे. प्लॅस्टिकच्या कापडाखाली दमट हवा कोंडते, त्यामुळे त्याचा वापर टाळावा. यंत्र काही दिवस बंद राहणार असेल, तर दात्यांवर कापडाची घडी ठेवून पाय तिच्यावर टेकवावा. महिन्यातून एकदा तरी चाक फिरवून पाहावे.

वेळापत्रक

रोज काम संपल्यावर सुईजवळचा व बॉबिनजवळचा कचरा कुंचल्याने काढावा. जे यंत्र दिवसाचे सात-आठ तास चालते, त्याला रोज तेल द्यावे. जे अधूनमधून चालते, त्याला महिन्यातून एकदा दिले तरी चालते. आठवड्यातून एकदा सुईखालचा पत्रा उघडावा व शटल काढून पुसावे. वर्षातून दोनदा, म्हणजे वैशाखाच्या अखेरीस मृगापूर्वी आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, सर्व सफाई व सर्व सांध्यांचे तेलपाणी करावे. गणवेशाचा व सणाचा असे कामाचे दोन्ही हंगाम त्यामुळे निर्विघ्न पार पडतात.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या बाबतीत एक गोष्ट अवश्य करावी. मे महिन्यात बचत गटाच्या किंवा महिला मंडळाच्या एका बैठकीत गावातील एखादे अडलेले यंत्र सर्वांसमक्ष उघडावे, साफ करावे व चालवून दाखवावे. ऐकलेले विसरले जाते, डोळ्यांनी पाहिलेले लक्षात राहते. गटाने तेलाच्या कुप्या व सुयांची पाकिटे एकत्र खरेदी केल्यास ती सर्वांना वेळेवर मिळतील. एखादी हुशार मुलगी हे काम शिकली, तर गावातील यंत्रांसाठी तालुक्याची वाट वारंवार धरावी लागणार नाही, आणि तिलाही चार पैसे मिळतील.

पेरणीपूर्वी शेतकरी पाभरीचे फण तपासतो, मोटारीचे वायर पाहतो, बैलांचे खूर पाहतो. त्याच दिवसांत घरातील शिवणयंत्रही उघडून पाहावे. अर्ध्या तासाचे काम व आठ-दहा थेंब तेल एवढाच त्याचा खर्च आहे. तेवढ्या खर्चात घरातील स्त्रीचे हक्काचे साधन पिढ्यान्‌पिढ्या चालते राहते.